गोव्याच्या हवामानात किरणोत्सार मोजताना : पाऊस, दमट हवा आणि मीटरचा आकडा

वळवाची पहिली जोरदार सर कोसळली की गायगर मीटरचा आकडा चढतो आणि दक्षिण गोव्यात तो पाहणाऱ्याच्या मनात आधी कैगाचे नाव येते. सीमेपलीकडे कारवार तालुक्यात काळी नदीच्या काठी अणुवीज केंद्र आहे हे सर्वांना ठाऊक असते, पण पावसाचे पाणीच नैसर्गिकरीत्या दोन-तीन तास किरणोत्सारी असते हे फारच थोड्यांना ठाऊक असते. याच्या उलट प्रकारही घडतो आणि तो अधिक घातक आहे, कारण जुलैच्या दमट हवेत मीटरच्या आतला विद्युतदाब ढासळतो, आकडा नेहमीसारखा किंवा कमीच दिसतो आणि आपण निर्धास्त राहतो.

म्हणून हवामानाचा विचार करताना दोन गोष्टी कटाक्षाने वेगळ्या ठेवाव्या लागतात. हवामानामुळे प्रत्यक्ष किरणोत्सार बदलला का, ही पहिली. आणि किरणोत्सार तेवढाच असताना हवामानामुळे उपकरणाचे वागणे बदलले का, ही दुसरी. पुढील सर्व पायऱ्या या दोहोंची फारकत करण्यासाठी आहेत. महाविद्यालयांच्या प्रयोगशाळा, रुग्णालयांतील किरणोपचार व क्ष-किरण विभाग आणि हौसेने मीटर बाळगणारे अशा तिघांनाही त्या लागू पडतात, जरी प्रत्येकाचे उपकरण निराळे असले तरी.

पहिली पायरी : कोरड्या दिवसांतला पाया

मोजमापाची सुरुवात पावसाळ्यात करू नये. नोव्हेंबर ते एप्रिल या कोरड्या महिन्यांत आपल्या जागेचे बॅकग्राउंड, म्हणजे नेहमीचे नैसर्गिक प्रमाण, ठरवून घ्यावे. समुद्रसपाटीला वैश्विक किरणांचा वाटा ताशी सुमारे ०.०३ मायक्रोसीव्हर्ट (शरीराला मिळणाऱ्या मात्रेचे एकक) असतो. त्यात जमिनीतील पोटॅशियम, युरेनियम आणि थोरियम यांच्या किरणांची भर पडून बहुतेक ठिकाणी एकूण प्रमाण ०.०५ ते ०.१५ च्या दरम्यान येते. जागा बदलली की हा आकडाही बदलतो. चिऱ्याच्या भिंतींच्या घरात, ग्रॅनाइटच्या फरशीवर, मिरामारच्या वाळूवर आणि मांडवीतल्या फेरीबोटीवर तो एकसारखा येणार नाही, कारण बोटीखालच्या पाण्याने जमिनीचा वाटा जवळजवळ पूर्णपणे अडवलेला असतो. त्यामुळे जागा एकच ठेवावी, मीटर जमिनीपासून एक मीटर उंचीवर धरावा आणि प्रत्येक वेळी त्याची दिशा तीच राहील असे पाहावे.

किती वेळ मोजावे, या प्रश्नाकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. किरणोत्साराचे काउंट, म्हणजे मीटरने टिपलेल्या किरणांची संख्या, यादृच्छिक असतात आणि एकूण काउंटचे वर्गमूळ हीच त्यांतली स्वाभाविक चढउतार असते. एसबीएम-२० सारखी लहान गायगर ट्यूब बॅकग्राउंडला मिनिटाला साधारण २० काउंट देते. एका मिनिटाच्या त्या आकड्यात साडेचारची चढउतार गृहीतच असते, म्हणजे १६ आणि २४ यांत कोणताही फरक नाही. तासभर मोजल्यास १२०० काउंटमागे ३५ ची, म्हणजे सुमारे ३ टक्क्यांची अनिश्चितता राहते. दोन वेळच्या रीडिंगमध्ये १० टक्के फरक खरोखरच आहे असे खात्रीने म्हणायचे असेल तर प्रत्येक वेळी १८०० काउंट, म्हणजे दीड तास मोजणे आवश्यक ठरते. हे गणित पुढे पावसाच्या बाबतीत निर्णायक ठरते, कारण पावसाचा परिणामच मुळी दोन-तीन तासांत ओसरतो. सिंटिलेटर, म्हणजे किरण आदळल्यावर चमकणारा स्फटिक असलेला मीटर, मिनिटाला शेकडो किंवा हजारो काउंट देत असल्याने अशा कामात तो फार सोयीचा पडतो.

नोंदवहीत प्रत्येक रीडिंगशेजारी वेळ, मोजणीचा कालावधी, तापमान, सापेक्ष आर्द्रता, हवेचा दाब, पाऊस सुरू झाल्याची व थांबल्याची वेळ आणि वाऱ्याची दिशा लिहावी. वाऱ्याची दिशा बहुतेक जण गाळतात, आणि गोव्यात नेमकी तीच नोंद सर्वांत बोलकी असते.

पाया ठरवतानाच तपासणीसाठी एक कायमचा स्रोत तयार ठेवावा. शेतीच्या दुकानात मिळणारे म्युरिएट ऑफ पोटॅश हे लाल किंवा पांढरे खत त्यासाठी पुरेसे आहे, कारण त्यातील नैसर्गिक पोटॅशियम-४० मुळे एका ग्रॅममागे सुमारे १५ बेकरेल (सेकंदाला १५ विघटने) इतका किरणोत्सार मिळतो आणि त्याचे अर्धआयुष्य, म्हणजे किरणोत्सार निम्मा होण्याचा काळ, सव्वाशे कोटी वर्षांचे असल्याने आपल्या हयातीत तो तसूभरही बदलत नाही. पाव किलो खत पातळ प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करावे (उघडे राहिल्यास पावसाळ्यात ते ओलावा धरते), लाकडी फळीवर पिशवीची व मीटरची जागा खुणेने पक्की करावी आणि कोरड्या दिवसांतला त्याचा काउंट नोंदवून ठेवावा. पुढे कधीही शंका आली की हेच रीडिंग पुन्हा घ्यायचे. त्यातून आजचे बॅकग्राउंड वजा केल्यावर उरलेला आकडा पूर्वीइतकाच आला, तर उपकरण ठीक आहे आणि बदल बाहेर झाला आहे. तो आकडाच हलला, तर दोष उपकरणात शोधावा.

दुसरी पायरी : पावसाने होणारी खरी वाढ ओळखणे

जमिनीतील युरेनियमच्या मालिकेतून रेडॉन-२२२ हा वायू सतत बाहेर पडत असतो. त्याचे अर्धआयुष्य ३.८ दिवसांचे असल्याने तो वाऱ्याबरोबर लांबवर जाऊ शकतो. त्याच्यापासून तयार होणारे शिसे-२१४ आणि बिस्मथ-२१४ हे घनरूप अणू हवेतील सूक्ष्म कणांना चिकटतात, ढगांतील थेंबांत शिरतात आणि सरीबरोबर खाली येतात. उंचावर विखुरलेला त्यांचा किरणोत्सार काही मिनिटांत जमिनीच्या पृष्ठभागावर गोळा होतो, म्हणून मीटर चढतो. या दोघांची अर्धआयुष्ये अनुक्रमे २७ आणि २० मिनिटांची आहेत. पाऊस थांबल्यावर वाढलेला भाग साधारण अर्ध्या तासाला निम्मा होत जातो आणि दोन-तीन तासांत रीडिंग पूर्वपदावर येते. पावसाने झालेल्या वाढीची ओळख या उतारावरूनच पटते.

आता वाऱ्याची गोष्ट. समुद्राच्या पृष्ठभागातून बाहेर पडणारा रेडॉन जमिनीच्या तुलनेत शंभरपट कमी असतो. जून ते सप्टेंबर या काळात आपल्याकडे येणारी नैऋत्येची हवा कित्येक दिवस अरबी समुद्रावरून प्रवास करून आलेली असते, त्यामुळे तिच्यात मुळात होता तो रेडॉनही वाटेत बराचसा विघटन पावलेला असतो. परिणामी जुलैत दिवसभर मुसळधार कोसळूनही मीटर फारसा हलत नाही. शिवाय सततच्या पावसात हवा आधीच धुतली गेलेली असते. याउलट मे महिन्यातला वळीव किंवा ऑक्टोबरमधला परतीचा पाऊस दुपारनंतर सह्याद्रीकडून गडगडत येतो, तेव्हा त्या हवेने घाटमाथ्यावरच्या जमिनीचा रेडॉन सोबत आणलेला असतो आणि अर्ध्या तासाच्या सरीनेही स्पष्ट वाढ दिसते. म्हणून पाऊस किती मिलिमीटर पडला यापेक्षा तो समुद्राकडून आला की घाटाकडून, हे आधी पाहावे, असे माझे ठाम मत आहे.

लहान ट्यूब असलेल्यांनी ही वाढ हवेत मोजत बसण्याऐवजी पुसून मोजावी. आदल्या काही तासांत पाऊस झालेला नसेल अशा वेळी सर सुरू झाल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी उघड्यावर उभ्या असलेल्या गाडीचे टप कोरड्या टिश्यू पेपरने पुसावे. साधारण एक चौरस मीटर भाग पुसला की पेपरची सारखी घडी घालावी, ती पातळ प्लास्टिकमध्ये गुंडाळून लगेच ट्यूबला अगदी लागून ठेवावी आणि दर पाच मिनिटांचे काउंट लिहीत जावेत. विजा चमकत असतील तर उघड्यावर जाऊ नये. त्यापेक्षा पडवीबाहेर आधीच ठेवलेले स्टीलचे ताट आत ओढून घेऊन तेच पुसावे. बॅकग्राउंड वजा करून आलेख काढला की काउंट अर्ध्या तासाच्या आसपास निम्मे होताना दिसतात. तीन तासांनंतर उरलेली किंचित शेपटी ही थोरियम मालिकेतल्या शिसे-२१२ ची असते; त्याचे अर्धआयुष्य १०.६ तास असल्याने दुसऱ्या दिवशीपर्यंत तीही जवळजवळ संपते. दोन दिवसांनंतरही पेपर तितकाच किरणोत्सारी राहिला, तर मात्र त्याला रेडॉनचे कारण देता येत नाही.

तिसरी पायरी : ओली जमीन, पहाट आणि दाब

पावसाळा मुरला की बॅकग्राउंड किंचित खाली येते. आपल्यापर्यंत पोहोचणारे जमिनीचे गामा किरण वरच्या वीस-तीस सेंटीमीटर मातीतून येतात, आणि मातीच्या छिद्रांत भरलेले पाणी त्यांतले काही शोषून घेते. शिवाय ओल्या मातीतून रेडॉनही सहज बाहेर पडत नाही. खाजन, म्हणजे खाडीकाठच्या सखल, शेतांत हा परिणाम फार ठळक असतो. दहा सेंटीमीटर पाणी एक एमईव्ही (मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट) ऊर्जेच्या गामा किरणांचा थेट झोत निम्म्यावर आणते, म्हणून मे महिन्यात भेगाळलेल्या खाजनात घेतलेले रीडिंग आणि जुलैत त्याच शेतात गुडघाभर पाणी असताना घेतलेले रीडिंग यांची तुलना करण्यात काहीच अर्थ नसतो. वर्षभराच्या नोंदी ठेवणाऱ्यांनी कोरडा आणि ओला असे दोन पाये वेगळे ठेवावेत.

हिवाळ्यातल्या शांत रात्री जमिनीलगतची हवा थंड होऊन तिच्यावर उबदार थर बसतो आणि रेडॉन खाली कोंडला जातो. रात्रीचे मतलई वारे जमिनीवरून येतात, दुपारचे खारे वारे समुद्रावरून. त्यामुळे रेडॉन पहाटे सर्वाधिक आणि दुपारी सर्वांत कमी असतो. डिचोली-सत्तरीसारख्या आतल्या भागात पहाटेचे धुके असताना घेतलेले रीडिंग दुपारच्या रीडिंगशी ताडून पाहू नये.

हवेचा दाब वाढला की वातावरणाचा थर जाड होतो आणि वैश्विक किरण कमी पोहोचतात. म्युऑनच्या, म्हणजे वैश्विक किरणांमुळे हवेत तयार होणाऱ्या भेदक कणांच्या, बाबतीत हा फरक एका हेक्टोपास्कलमागे ०.१ ते ०.२ टक्के, तर न्यूट्रॉनच्या बाबतीत सुमारे ०.७ टक्के असतो. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्यालगतून गेले, तशा वादळात दाब दहा हेक्टोपास्कलने घसरला तरी म्युऑन एक-दोन टक्केच वाढतील आणि साध्या ट्यूबला ते कळणारही नाही. न्यूट्रॉन मोजणाऱ्यांनी मात्र ही दुरुस्ती केल्याशिवाय एकही आकडा प्रसिद्ध करू नये.

चौथी पायरी : दमट आणि खारट हवेपासून उपकरण सांभाळणे

आपल्या किनाऱ्यावर उपकरणाचा खरा शत्रू दव आहे. हवा २८ अंशांची आणि आर्द्रता ९० टक्के असेल, तर दवबिंदू २६ अंशांच्या आसपास येतो. २४ अंशांवर ठेवलेल्या वातानुकूलित खोलीतून मीटर थेट व्हरांड्यात आणला, तर त्याच्या पृष्ठभागावर आणि फटींतून आत शिरलेल्या हवेमुळे सर्किटवरही पाणी धरणारच, यात शंकेला जागा नाही. चष्म्याची काच अशा वेळी धुरकट होते तेव्हा आतल्या सर्किटवरही तेच चाललेले असते. उपाय सोपा आहे. मीटर खोलीतच झिपच्या पिशवीत बंद करावा, पिशवी बाहेर नेऊन अर्धा ते एक तास तशीच ठेवावी आणि मीटर बाहेरच्या तापमानाला आल्यावरच पिशवी उघडून तो सुरू करावा. परत आत आणताना बाहेरची दमट हवा त्याच पिशवीत कोंडली जाणार नाही, याकडे लक्ष द्यावे. पिशवीत सिलिका जेल घातलेली असावी.

गायगर ट्यूब स्वतः बंद असते, तिच्या आतील वायूवर आर्द्रतेचा परिणाम होत नाही. परिणाम होतो तो तिला लागणाऱ्या सुमारे ४०० व्होल्टच्या मंडलावर. त्यात मेगोहम मूल्याचे रोधक असतात, आणि सर्किटवर बसलेला मिठाचा थर ओलावला की त्यांना समांतर गळतीची वाट तयार होते. मग विद्युतदाब घसरतो, ट्यूब आपल्या पठारावरून, म्हणजे ज्या टप्प्यात काउंट स्थिर राहतात त्या टप्प्यावरून, खाली येते आणि काउंट कमी पडतात किंवा ती पूर्ण मुकी होते. काही वेळा उलट ठिणग्यांसारखी गळती होऊन काउंटचे झुबके येतात. एका सेकंदात शंभर आणि पुढच्या दहा सेकंदांत शून्य, असे रीडिंग हे किरणोत्साराचे नसून ओलाव्याचे समजावे.

अशा वेळी मीटर बंद करून बॅटरी काढावी, साठवलेला विद्युतदाब उतरण्यासाठी काही मिनिटे थांबावे आणि सर्किट आयसोप्रोपिल अल्कोहोलने मऊ ब्रशने स्वच्छ करावे. नंतर मीटर घट्ट झाकणाच्या डब्यात ताज्या सिलिका जेलसोबत एक पूर्ण दिवस ठेवावा. केस वाळवायच्या यंत्राची गरम हवा मारू नये. सर्किट वाळल्यावर त्यावर इन्सुलेशन वार्निशचा पातळ थर दिल्यास पुढचे पावसाळे बरेच सुसह्य होतात. सिलिका जेलचा रंग दर आठवड्याला पाहावा, कारण ऑगस्टमध्ये ती वाटते त्यापेक्षा फार लवकर भरते.

अभ्रकाची खिडकी असलेल्या प्रोबला (मीटरच्या संवेदक टोकाला) आणखी जपावे लागते. ती खिडकी चौरस सेंटीमीटरला दीड-दोन मिलिग्रॅम इतकी पातळ असते; तिच्यावरचा पाण्याचा थेंब अल्फा किरण पूर्ण आणि मंद बीटा किरण बऱ्याच अंशी अडवतो, आणि तो पुसायला गेलात तर खिडकीच फुटते. थेंब आपोआप वाळू द्यावा. पावसात मीटरवर प्लास्टिक घातले असेल तर तशी नोंद करावी, कारण गामाचे रीडिंग त्याने बदलत नसले तरी बीटाचे नक्की बदलते. काही काचेच्या ट्यूब प्रकाशालाही प्रतिसाद देतात, म्हणून त्या उन्हात उघड्या ठेवू नयेत.

पाचवी पायरी : तापमानाचा हिशेब

सिंटिलेटरमधल्या सोडियम आयोडाइडच्या स्फटिकाचा प्रकाश खोलीच्या तापमानाजवळ एका अंशामागे सुमारे ०.३ टक्क्यांनी घटतो. हे किरकोळ वाटते, पण वातानुकूलित खोलीत कॅलिब्रेट केलेला प्रोब उन्हात तापून १५ अंशांनी वर गेला, तर सीझियम-१३७ चे ६६२ केईव्हीचे (किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट, किरणांच्या ऊर्जेचे एकक) शिखर, म्हणजे ज्या ऊर्जेला काउंटचा उंचवटा दिसतो ती जागा, सुमारे ३० केईव्हीने खाली सरकते. रेडॉनच्या मालिकेतल्या बिस्मथ-२१४ चे शिखर ६०९ केईव्हीवर आहे, म्हणजे दोहोंत ५३ केईव्हीचेच अंतर. पावसानंतर दिसलेले शिखर नैसर्गिक बिस्मथचे की अणुभट्टीतल्या सीझियमचे, असा गंभीर प्रश्न केवळ प्रोब तापल्यामुळे अनिर्णित राहू शकतो. म्हणून प्रत्येक मोजणीच्या आधी आणि नंतर पोटॅशची पिशवी प्रोबजवळ ठेवून पोटॅशियम-४० चे १४६१ केईव्हीचे शिखर जागेवर आहे का ते पाहावे. बिस्मथचे दुसरे शिखर १७६४ केईव्हीवर आणि शिसे-२१४ चे ३५२ केईव्हीवर असते. ६०९, १७६४ आणि ३५२ ही तिन्ही शिखरे एकत्र चढली आणि एकत्र उतरली तर ती रेडॉनचीच असतात.

हा स्फटिक ओलावा शोषणारा आणि ठिसूळ असतो. तासाला आठ-दहा अंशांपेक्षा वेगाने तापमान बदलल्यास तो तडकू शकतो. उन्हात बंद गाडीत तो कधीही ठेवू नये. नव्या लहान मीटरांत फोटोमल्टिप्लायरच्या, म्हणजे स्फटिकाच्या चमकेचे विद्युत स्पंदांत रूपांतर करणाऱ्या नळीच्या, जागी सिलिकॉनचा संवेदक असतो. त्याचा अंधारातला गोंगाट (प्रकाश नसतानाही उठणारे खोटे स्पंद) दर आठ-दहा अंशांना जवळपास दुप्पट होतो, म्हणून तापलेल्या मीटरच्या कमी ऊर्जेच्या भागातील काउंटवर विश्वास टाकू नये.

सहावी पायरी : आयन चेंबरची दुरुस्ती

किरणोपचार विभागांतले उघडे आयन चेंबर, म्हणजे किरणांची मात्रा मोजणाऱ्या हवेच्या कुप्या, बाहेरच्या हवेशी थेट जोडलेले असतात. हवा तापली किंवा दाब उतरला की आतल्या हवेचे वस्तुमान कमी होते आणि रीडिंग कमी येते. प्रमाण तापमान २० अंश आणि प्रमाण दाब १०१३.२५ हेक्टोपास्कल धरून दुरुस्तीचा गुणक असा काढतात: तापमानात २७३.१५ मिळवून त्याला २९३.१५ ने भागावे, १०१३.२५ ला प्रत्यक्ष दाबाने भागावे आणि दोन्ही उत्तरांचा गुणाकार करावा. ३० अंश आणि १००४ हेक्टोपास्कल असताना गुणक १.०४४ येतो, म्हणजे दुरुस्ती न केल्यास मात्रा चार टक्क्यांहून अधिक चुकते. दाब आपल्याच जागेचा घ्यावा. हवामान वृत्तातला दाब समुद्रसपाटीला आणलेला असतो आणि अल्तिनोसारख्या टेकडीवर तो जसाच्या तसा चालत नाही. आर्द्रता २० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान असेल तर तिची वेगळी दुरुस्ती सहसा लागत नाही, पण पावसाळ्यात वीज जाऊन खोलीची आर्द्रता त्याहून वर गेली तर मोजणी पुढे ढकलणेच योग्य. बंद, दाबाखाली वायू भरलेल्या चेंबरला हा गुणक लावू नये.

रेडॉन मोजण्यासाठी सक्रिय कोळशाचा डबा पावसाळ्यात टाळावा, कारण कोळसा रेडॉनऐवजी बाष्पच अधिक शोषतो. विद्युत्क्षेत्राने कण गोळा करणाऱ्या रेडॉन मीटरला हवा शोषकातून कोरडी करून द्यावी लागते. अंगावरचे टीएलडी बॅज, म्हणजे मिळालेली मात्रा नोंदवणारे बिल्ले, उन्हात, गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा ओल्या ॲप्रनच्या खिशात ठेवू नयेत.

गडगडाटात तारेने जोडलेल्या प्रोबमध्ये विजेच्या लहरींमुळे खोटे काउंट शिरतात, त्यामुळे चार्जर काढून मीटर बॅटरीवर चालवावा. ढगांतले विद्युत्क्षेत्र खरे किरणही बदलते, हे येथे नोंदवण्यासारखे आहे: उटीच्या ग्रेप्स-३ प्रयोगात १ डिसेंबर २०१४ च्या एका मेघगर्जनेच्या ढगातील विद्युतदाब म्युऑनच्या संख्येतील घटीवरून सुमारे १.३ अब्ज व्होल्ट इतका मोजला गेला.

आकडा चढला तर

आधी मोजणी लांबवावी आणि वाढ चढउतारीच्या पलीकडची आहे का ते पाहावे. मग पोटॅशची पिशवी ठेवून उपकरणाची खात्री करावी. उपकरण ठीक असेल तर पाऊस, वाऱ्याची दिशा आणि वेळ नोंदीत पाहावी आणि तीन तास वाट पाहून उतार मोजावा. दरम्यान मीटर घेऊन पन्नास-शंभर मीटर चालून यावे. पावसाने आलेली वाढ सगळ्या परिसरात पसरलेली असते. एखाद्या वस्तूतून येणारी वाढ तिच्याजवळ झपाट्याने चढते आणि दूर गेल्यावर झपाट्याने पडते. २०१० साली दिल्लीतील मायापुरीच्या भंगार बाजारात कोबाल्ट-६० असलेले जुने उपकरण फोडले गेले आणि त्यात एकाचा जीव गेला. तशा स्रोताचे रीडिंग कोणत्याही हवामानाने घडत नाही. दिशा बदलली की आकडा बदलतो, पाऊस नाही आणि तीन तासांतही उतार नाही, असे दिसले तर त्या जागेपासून मागे हटावे, इतरांना दूर ठेवावे, वस्तूला हात लावू नये आणि पोलीस किंवा जिल्हा प्रशासनामार्फत मुंबईच्या अणुऊर्जा नियामक मंडळाला कळवावे. कळवताना मीटरचे मॉडेल, मोजणीचा कालावधी, पोटॅशचे रीडिंग आणि त्या दिवसाच्या हवामानाची नोंद सोबत द्यावी.